हातोड्याला आवाज शोधणारे मिलिंदभाऊ

फोन वाजला तेव्हा मी आधीच वैतागलेला होतो. सकाळची वेळ, समोर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा ढीग, आणि स्क्रीनवर 'मिलिंदभाऊ धुळे'. चार दिवस हा माणूस माझ्या एकाही निरोपाला उत्तर देत नव्हता. मी फोन उचलला आणि 'हॅलो'सुद्धा न म्हणता सुरू झालो : "भाऊ, तुम्ही मला समजता काय? सोळा पानांचे संवाद लिहून पाठवले, त्यांचं काय झालं ते सांगायची पद्धत आहे की नाही? आणि राक्षस बाराव्या पानावर मेला, तर चौदाव्या पानावर बोलतोय कसा?" असं मी मिनिटभर तरी बोललो असेन. मग प्रज्ञाचा, त्यांच्या मुलीचा, आवाज आला. "काका... मी बोलतेय. पप्पा गेले."

त्या चौदाव्या पानाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मिलिंदभाऊंबद्दल लिहायला बसलो की आधी दुःख येत नाही, राग येतो, आणि या लेखात तो लपवायचा मी प्रयत्नही करणार नाही. पाच आठवडे झाले. अजून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतोच आहे.

नातं सांगतो. मिलिंदभाऊ माझ्या बायकोचे, संघमित्राचे थोरले भाऊ. मूळचे अमळनेरजवळच्या एका खेड्यातले. धुळ्याला एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. मी वऱ्हाडातला, नोकरीनं जळगावला आलो, इंग्रजीचा मास्तर झालो आणि या घरचा जावई. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे जावयाला मान असतो म्हणे. मिलिंदभाऊ मला 'दाजी' म्हणत, पाण्याचा तांब्या स्वतः आणून देत, आणि त्यानंतर दिवसभर गड्यासारखं राबवून घेत. वहिनी फार लवकर गेल्या होत्या. प्रज्ञा पुण्याला शिकायला आणि मग नोकरीला. धुळ्याच्या देवपूर भागातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात ते, त्यांच्या शाईच्या बाटल्या आणि रविवारी मी, असा संसार होता.

सुरुवात काविळीनं झाली. भाऊ दीड महिना अंथरुणावर होते, तेव्हा प्रज्ञानं पुण्याहून जपानी कॉमिकचा गठ्ठा आणून दिला. काळ्या-पांढऱ्या चित्रांची जाडजूड पुस्तकं, उजवीकडून डावीकडे वाचायची. एका ठोशाला तीन पानं, नायक ओरडतो तर त्याच्या तोंडाभोवती रेघांचा पाऊस. मी भेटायला गेलो तर हे गादीवर उताणे पडलेले, पुस्तक डोळ्यांपाशी धरलेलं. म्हणाले, "दाजी, पंचवीस वर्षं मी पोरांना फुलदाणी काढायला शिकवली. फुकट गेली हो पंचवीस वर्षं!" मी म्हटलं, "आधी बरे व्हा." ते बरे झाले आणि माझ्या घरी, जळगावला, विश्रांतीसाठी आले. तिथं माझ्या कपाटात रद्दीवाल्याकडून आणलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, युरोपच्या उत्तर टोकाकडच्या, बर्फाळ मुलखातल्या देवांच्या गोष्टींचं. ते मी स्वतः वीस पानांपलीकडे वाचलं नव्हतं. भाऊंनी चित्रं पाहिली आणि विचारलं, "यात काय शे?" मी सांगायला लागलो. चूक इथं झाली. त्यानंतरचे आठ वर्षांचे रविवार त्या एका चुकीचे आहेत.

ओडिन नावाचा थोरला देव, त्यानं शहाणपणासाठी आपला एक डोळा विहिरीला देऊन टाकला. त्याचा मुलगा थोर, हातात हातोडा. ("नावच थोर ठेवलं, मग काय करनार," हा विनोद भाऊंनी माझ्यासमोर किमान दोनशे वेळा केला.) नऊ जगं, मध्ये एक अवाढव्य झाड, आणि या सगळ्या देवांना आधीपासून ठाऊक असतं की एक दिवस मोठी लढाई होणार आणि त्यात आपण मरणार. ही शेवटची गोष्ट ऐकून भाऊ एकदम उठून बसले. "देव मरतात?" मी म्हटलं, "हो, जवळजवळ सगळे." "आणि त्यांना माहीत असतं?" "असतं." "तरी सकाळी उठून कामाला जातात?" मी वैतागून म्हटलं, "जातात म्हणजे काय, लढतात, खातात, भांडतात." त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्या चित्रापासून उघडलं. मग म्हणाले, "हे काढायला पाहिजे. जपान्यांसारखं."

लोकांनी कमी समजावलं नाही. शाळेतले सहकारी म्हणाले, आपल्याकडे गोष्टी कमी आहेत का? वस्तीतली जाणती माणसं म्हणाली, मिलिंद, हात चांगला आहे, आपल्या चळवळीवर काढ, आपल्या माणसांवर काढ. भाऊ प्रत्येकाला चहा पाजून वेगळं उत्तर देत. एकाला म्हणाले, या देवांना कुणी नवस बोलत नाही, त्यामुळे कुणाच्या भावना दुखणार नाहीत. दुसऱ्याला म्हणाले, मला लांडगा चांगला काढता येतो. मला एकट्याला, बसस्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघताना, म्हणाले, "दाजी, तुमच्या वहिनीच्या शेवटच्या वर्षात तिलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. ती रोज सकाळी वेणी घालायची. मला ते काढता येत नाही. हे येईल." गाडी लागली, मी चढलो. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

कामाची पद्धत अशी. मी गोष्ट वाचून मराठीत सांगायची, ते चौकटी पाडायचे, मग मी फुग्यांतले संवाद लिहायचे, भाऊ ते खोडायचे. माझे देव शुद्ध बोलत. भाऊंना ते पटेना. एका रविवारी जाहीर केलं, देव अहिराणी बोलतील. मी म्हटलं, आणि राक्षस? "राक्षस हाफिसातली मराठी बोलतील. 'सदर अर्ज नामंजूर करण्यात येत आहे' अशी." मी हसलो, तर ते गंभीर होते. बर्फाचा तो महाकाय राक्षस देवांच्या दारात उभा राहून "आपण विहित मुदतीत शरण यावे" म्हणतो, आणि थोर हातोडा उचलून म्हणतो, "तू कोन शे रे?" मला अहिराणी समजते, लिहिता येत नाही. म्हणजे माझं अर्धं लिखाण ते परत लिहीत, आणि तपासायला मलाच देत! मी म्हणायचो, मला काय कळतंय यातलं? ते म्हणायचे, "तुम्हाला कळलं म्हणजे जगाला कळेल."

हातोड्याच्या आवाजाचं प्रकरण तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. जपानी कॉमिकात आवाज मोठ्या अक्षरांत चित्रातच लिहितात, आवाजालाही अंग असतं. मी लिहिलं, 'धडाम'. भाऊ म्हणाले, धडाम म्हणजे माळ्यावरून पातेलं पडलं. मी 'ठण्ण' दिलं. ती देवळातली घंटा. 'खाडकन' दिलं. ती थोबाडीत. असे तीन रविवार गेले. शेवटी ऐन मे महिन्यात, दुपारी साडेबाराला, त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून नरडाण्याला नेलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत लोखंड ठोकण्याचा एक छोटा कारखाना होता, मालक त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचे वडील. बाहेर ऊन, आत भट्टी, आणि लालभडक लोखंडावर यंत्राचा घण पडतोय. भाऊ डोळे मिटून उभे. मी घामानं निथळतोय. मालक मला हळूच विचारतात, "सरांना काही त्रास आहे का?" मी म्हटलं, "त्यांना नाही, मला आहे." तासाभरानं भाऊंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ऐकलं का? आधी आवाजच नाही. आधी जमीन दचकते. मग येतो आवाज." परत आल्यावर त्यांनी पान काढलं. हातोडा पडतो त्या चौकटीत एकही अक्षर नाही, नुसती माणसांची पावलं जमिनीवरून बोटभर उचललेली. पान उलटलं की मग पानभर 'ठ्ठांव'. मला ते पाहून अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून आणखीच राग आला, कारण आता यांना बोलायचं काय?

पहिला खंड जळगावच्या एका छापखान्यात दिला. भाऊंचा हट्ट, पुस्तक जपानी पद्धतीनंच, उजवीकडून उघडायचं. मी हात जोडले : भाऊ, आपला वाचक आयुष्यभर डावीकडून वाचत आला आहे. "चार पानांत सवय होते," म्हणाले. छापखान्याच्या मालकाला मी तीनदा समजावलं, चिठ्ठी लिहून दिली. पुस्तकं घ्यायला गेलो तर तो गृहस्थ अभिमानानं उभा. "सर, तुमची मोठी चूक मी वाचवली. कव्हर मागच्या बाजूला लागलं होतं. मी पुढं आणलं." फक्त कव्हर! आतली पानं होती तशीच, त्यामुळे शेवटचं पान आता पहिलं. म्हणजे पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर ओडिन एका डोळ्यानं बघतोय, पुढे तो विहिरीपाशी जातो, त्याचा डोळा परत येतो, मग एकेक जग नाहीसं होत जातं आणि शेवटी नुसतं धुकं. मी तिथं जो आरडाओरडा केला, तो ऐकून शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. भाऊ मात्र एक प्रत घेऊन स्टुलावर बसले आणि उलट्या क्रमानं सगळी वाचली. पुस्तकं तशीच विकली. पुढे एका रविवारी माझ्यासमोरच पिंपळनेरहून एका निवृत्त तलाठ्यांचा फोन आला, भाऊंनी स्पीकर लावला. पुस्तक त्यांना फार आवडलं होतं. "सर, त्या म्हाताऱ्या देवाचा डोळा परत आला ना, तिथं मला भरून आलं." मी खूण केली, सांगा त्यांना, खरं काय ते सांगा. भाऊ फोनवर म्हणाले, "हो आबा, आला परत." आणि फोन ठेवून मला म्हणाले, "राहू द्या ना दाजी. एका माणसापुरता आला परत, तर काय बिघडलं?" काय बिघडलं! आठ महिन्यांचं काम उलटं बांधलं होतं, आणि हा माणूस हसत होता.

दुसऱ्या खंडात लांडग्याची गोष्ट होती. देव एक लांडग्याचं पिल्लू पाळतात, ते भयंकर वाढतं. त्याला बांधायचं ठरतं, पण साखळ्या तो तोडतो. मग रेशमासारखी एक जादूची दोरी आणतात. लांडग्याला संशय येतो. तो म्हणतो, फसवणार नसाल तर तुमच्यातल्या एकानं माझ्या जबड्यात हात ठेवावा, तरच बांधून घेईन. सगळे देव एकमेकांकडे बघतात. टीर नावाचा देव पुढे येतो आणि उजवा हात ठेवतो, आता तो जाणार हे माहीत असताना. लांडगा बांधला जातो, सगळे हसतात. टीर हसत नाही. त्याचा हात गेलेला असतो.

या चार पानांवर भाऊंनी दीड वर्ष घालवलं. मी खोटं सांगत नाही. हातासाठी मला माठाच्या तोंडात हात घालून वीस वीस मिनिटं उभं केलं. हात जमला, तर चेहरा जमेना. धाडसी चेहरा काढला, फाडला. घाबरलेला काढला, फाडला. "दाजी, त्याला माहीत होतं ना, चावणार म्हणून?" "होतं हो, शंभरदा सांगितलं." "मग तोंड कसं करेल तो?" मला काय ठाऊक! मी कुठे लांडग्याच्या तोंडात हात घातलाय?

आमची शेवटची भेट याच प्रकरणावरून झाली. पारोळ्याला गाडी बिघडली होती, मी दोन तास उशिरा, उपाशी पोहोचलो. पाहतो तर लांडग्याचं तिसरं पान पुन्हा कोरं. माझा तोल गेला. म्हटलं, "भाऊ, हे प्रकरण संपल्याशिवाय मला फोन करू नका. मी काही तुमच्या देवांसारखा रिकामा नाही, माझी बरीच कामं उरली आहेत." ते ओशाळले. खानावळीतून शेवभाजी आणायला म्हणून खाली निघाले, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर खिडकीचा गज धरून थांबले. मी वरून विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही, लिंबावर भारद्वाज बसलाय." मी चिडून म्हटलं, "बघा, पक्षी बघा." लिंबावर काही नव्हतं, हे मला आता कळतं.

कारण ते गेल्यावर, सगळं आटोपल्यावर, प्रज्ञानं एक फाइल माझ्यापुढे ठेवली. लांडग्याच्या पानांची फाइल. आत पानांच्या मध्ये नाशिकच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचे कागद. शस्त्रक्रिया लवकर करावी असं सांगितलेलं. तारीख घेतलेली, पुढे ढकललेली, पुन्हा घेतलेली, पुन्हा ढकललेली. कुणालाही सांगितलं नव्हतं. सख्ख्या बहिणीला नाही, पोटच्या मुलीला नाही. प्रज्ञा म्हणाली, "मी दोन दिवसांची रजा घेऊन आले, तेव्हा तब्येतीचं विचारलं होतं. म्हणाले, हातातलं काम संपवतो, मग तुझ्यासोबत पुण्याला येतो निवांत." दुसऱ्या खोलीत ती चहा गाळत होती, आणि ते टेबलावरच...

मी त्या कागदांकडे बघत बसलो. 'हे प्रकरण संपल्याशिवाय फोन करू नका' हे माझेच शब्द होते, आणि चार दिवस उत्तर नाही म्हणून चिडलोही मीच होतो. घरी येऊन संघमित्राला सांगितलं. वाटलं होतं, ती मला बोलेल. ती म्हणाली, "तुमच्या सांगण्यावरून भाऊनं आयुष्यात एक तरी गोष्ट केली का? मग हीच कशी करेल?" तिनं समजूत काढली खरी, पण मला ती पूर्ण पटलेली नाही. दोन्ही तारखा माझ्या त्या भांडणाच्या आधीच्या होत्या, हे मी तपासून पाहिलं. तपासून पाहावंसं वाटलं, यातच काय ते आलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं खूप आली. बुद्धवंदना झाली, मग बोलणारे बोलले. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं की मिलिंद सर अत्यंत धार्मिक वृत्तीचे होते, आपल्याच नव्हे तर परदेशातल्या देवांवरही त्यांची गाढ श्रद्धा होती. बुद्धमूर्तीसमोर, भंतेजींच्या देखत! मी उठायला लागलो, तर संघमित्रानं माझा सदरा मागून धरून ठेवला. तिच्या खांद्याकडे पाहिलं तेव्हा कळलं, ती रडत नव्हती, हसू दाबत होती. भाऊ असते तर त्यांनी मुख्याध्यापकांना चहा पाजला असता.

गेल्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा देवपुरात गेलो. प्रज्ञा दुसरा खंड छापणार आहे, तिनं पानं लावायला घेतली होती. लांडग्याचं तिसरं पान पूर्ण होतं. टीरचा चेहरा धाडसी नव्हता, घाबरलेलाही नव्हता. हात जबड्यात आहे आणि तो मागे वळून बाकीच्या देवांकडे बघतोय, कुणी जेवलं की नाही हे विचारावं तसा. दीड वर्ष लागलं, ते बरोबर होतं. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

सगळ्यात खाली शेवटच्या प्रकरणाची पेन्सिलीतली पानं होती. मोठी लढाई झाली आहे, देव पडले आहेत, जग जळून बुडालं आहे, आणि पाण्यातून पुन्हा हिरवी जमीन वर येते आहे. मूळ गोष्टीत एक बाई आणि एक पुरुष एका झाडात लपून वाचलेले असतात. ते झाड भाऊंनी जिन्याच्या खिडकीबाहेरच्या कडुलिंबासारखं काढलं होतं. ढोलीतून दोन माणसं डोकावत होती. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पुरुषाला माझा चष्मा, माझं टक्कल, कपाळावर माझ्या आठ्या. बाईच्या नाकात संघमित्राची चमकी.

"माझं नाक एवढं मोठं आहे?" मी विचारलं.

"आहे," संघमित्रा म्हणाली. मग पाठ फिरवून ती खिडकीपाशी गेली.

बाईच्या तोंडापाशी एक फुगा होता, रिकामा. बाजूला भाऊंच्या बारीक अक्षरात : 'दाजी, इथे तुम्ही लिहा. पाल्हाळ नको.' आठ वर्षं माझे संवाद खोडणाऱ्या माणसानं सगळ्यात शेवटचा फुगा माझ्यावर टाकून दिला होता, आणि वर अट घातली होती! ते पान मी जळगावला आणलं. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर होतं. मी रोज काहीतरी लिहायचो. नव्या जगाबद्दल, आशेबद्दल, आठवणींबद्दल. रोज खोडायचो. संघमित्रानं या देवांच्या कामात आठ वर्षांत कधी लक्ष घातलं नव्हतं, तिच्या लेखी ते भाऊचं आणि नवऱ्याचं खूळ होतं. काल सकाळी ती भाजी निवडत समोर बसली, पान स्वतःकडे ओढलं, बराच वेळ त्या दोन माणसांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही इतकं बोलणारच नाही." "मग काय म्हणेल?" मी त्रासून विचारलं.

"ऊन पडनं," ती माहेरच्या अहिराणीत म्हणाली. "चाल भायेर."

मी पेन्सिलीनं तेवढंच लिहिलं. फुग्यात अजून बरीच जागा उरली आहे... उरू दे.